सोसायटीचा जुना ट्रॅक्टर

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, तेव्हापासून माझ्या डोक्यात ट्रॅक्टर होता. नवा नव्हे. नवा घ्यावा एवढी माझी जमीन नव्हती आणि तेवढं कामही नव्हतं. माझ्या वाटणीला साडेचार एकर आलेली, त्यातल्या दोन एकरांत मोसंबीची अडीचशे झाडं आणि बाकीच्यात कधी तूर, कधी बाजरी. झाडांच्या ओळींतून कुळवाची पाळी घालायची, फवारणीची टाकी ओढायची, शेणखत टाकायचं, उन्हाळ्यात लागलं तर पाणी आणायचं, एवढंच काम. बैल ठेवायचे तर त्यांच्यामागे माणूस लागतो. भाड्याचा ट्रॅक्टर सांगावा तर तो आपल्या वेळेला येत नाही, आणि आला की घाईघाईत झाडांच्या मुळ्या तोडून जातो. आपला एक जुना, लहानसा ट्रॅक्टर असावा, सकाळी दोन तास आपणच चालवावा, असं माझं साधं स्वप्न होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तर होतो. सुरुवातीची बारा वर्षं आमच्याच गावात, लिंबागणेशच्या पलीकडे, आणि शेवटची तलवाड्याला. गावी परत जायचं ठरलं तेव्हा बायकोनं एकच अट घातली. म्हणाली, "गावाकडं जाऊ, शेतात ऱ्हाऊ. पण मोठ्या भाऊजींच्या सावलीत ऱ्हायचं न्हाई."

मोठे भाऊजी म्हणजे माझे थोरले बंधू. मी त्यांना आण्णा म्हणतो. ते गावच्या सहकारी सोसायटीचे चेअरमन होते. किती वर्षं होते ते गावात कुणी मोजत नव्हतं. सोसायटी म्हटलं की आण्णा आणि आण्णा म्हटलं की सोसायटी, असंच झालं होतं. मी बायकोला म्हणालो, "सख्खा भाऊ हाय, सावली कसली?" ती काही बोलली नाही. तिचं हे न बोलणं मला आधीपासूनच आवडत नसे.

ट्रॅक्टर बघायला मी बीडच्या एका मिस्त्रीला बरोबर घेतलं. साठीचा माणूस, दाढी पांढरी, बोटांच्या चिरांत काळं ऑईल कायमचं मुरलेलं. तलवाड्यात आम्ही एक ट्रॅक्टर बघितला. नवा लाल रंग, चकचकीत. मिस्त्रीनं नखानं रंग खरवडला, खालचा गंज मला दाखवला आणि मालकाला म्हणाला, "लगीन झकास लावलंय, नवरी म्हातारी हाय." दुसरा गेवराई रस्त्यावर बघितला. त्याचा गिअर चढावर आपोआप सुटायचा. मिस्त्री मला शिकवत होता. ऑईलची काडी काढून बघायची. ऑईल दुधासारखं दिसलं की समजायचं आत पाणी शिरलंय. अवजार उचलणारी मागची लिफ्ट वर करून इंजिन बंद करायचं आणि बिडी ओढेपर्यंत थांबायचं. लिफ्ट खाली बसली तर घ्यायचा नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तो म्हणाला, "जुना ट्रॅक्टर थंडाच बघायचा गुरुजी. रातभर उभा ऱ्हायलेला. पहिल्या धक्क्याला काय बोलतो, त्येच खरं."

अशात एक दिवस आण्णांचा फोन आला. "कशाला वणवण फिरतो बे? सोसायटीचा ट्रॅक्टर काढायचाय. घरातली वस्तू घरात ऱ्हाईल."

सोसायटीचा तो ट्रॅक्टर मला ठाऊक होता. आमचे वडील आणि त्यांच्या वयाची माणसं, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं, त्यांनी शेअर गोळा करून सोसायटी काढली होती. पुढं कधीतरी ट्रॅक्टर आला. ज्याच्याकडं बैल नाहीत त्याच्या रानात पाळीपाळीनं जायचा. वडील सांगायचे की तो गावात आला त्या दिवशी बायकांनी त्याला ओवाळलं होतं. मी गावच्या शाळेत शिकवत असताना तो धडधडत शाळेसमोरून गेला की सगळा वर्ग खिडकीकडं वळायचा. नंतर सोसायटीचं कामच आटलं. खताच्या चार गोण्या आणि रेशन, एवढ्यावर ती आली. ट्रॅक्टर गोदामाच्या शेजारी लिंबाखाली उभा राहिला.

तो चालवायला सोसायटीनं एक ड्रायव्हर ठेवला होता. माझा विद्यार्थी. चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकला, अक्षर मोत्यासारखं, पण घरी कुणी पुढं शिकवलं नाही. त्यानं तो ट्रॅक्टर आठ-नऊ वर्षं चालवला, त्याची डागडुजी स्वतः केली. सोसायटीनं पगार थांबवला तेव्हा त्यानं कोयता घेतला. दरवर्षी दसरा झाला की नवराबायको दोघं बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जायची आणि शिमग्यानंतर परत यायची. आमच्या भागात निम्मं गाव असंच जातं, त्यामुळे त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

मी मिस्त्रीला घेऊन गोदामावर गेलो. सकाळचे नऊ वाजले असतील. आण्णा खुर्ची टाकून बसले होते. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, इंजिनावर पालथा हात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

"इंजन गरम हाय," तो म्हणाला. "कोन चालू केलतं?"

"मीच," आण्णा म्हणाले. "बॅटरी उतरली का बघत होतो."

मिस्त्रीनं ऑईल बघितलं, लिफ्ट बघितली, गिअर बघितले. सगळं ठीक होतं. ट्रॅक्टर एका चावीत चालू झाला. परत जाताना एसटीची वाट बघत आम्ही फाट्यावर उभे होतो, तेव्हा तो मला म्हणाला, "गुरुजी, उद्या सकाळी सहाला न सांगता येऊ. थंडा बघू."

मी म्हणालो, "अहो, भाऊ हाय माझा."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि बिडी पेटवली. "मंग माझं काय काम?" असं म्हणून त्यानं त्या फेरीची मजुरी घेतली नाही. तेव्हा मला वाटलं, माणूस चांगला आहे. आज वाटतं, त्याला त्या कामाचे पैसे नको होते.

तोवर मी निवृत्त होऊन गावी, शेतातल्या घरात राहायला आलो होतो. विक्री बंद पाकिटातून होणार होती. फक्त सभासदांनी बोली लावायची, आकडा लिहून पाकीट सेक्रेटरीकडं द्यायचं, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर उघडायचं. शेवटी पाकिटं दोनच आली. एक त्या ड्रायव्हरचं, दुसरं माझं. त्यानं आपली बैलजोडी विकली होती. बैल विकून ट्रॅक्टर घ्यायचा, गावातली लहानमोठी कामं भाड्यानं करायची आणि कोयता कायमचा खाली ठेवायचा, असा त्याचा विचार होता. हे मला त्यानंच सांगितलं होतं, पारावर. तो म्हणाला होता, "गुरुजी, पोरगी आता शाळंत जायची झाली. तिला उसाच्या फडात न्यायची न्हाई." मी त्याला "शाब्बास" म्हणालो होतो. मीही बोली लावणार आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.

पाकिटं उघडायच्या आदल्या दिवशी आण्णा माझ्या घरी आले. चहा घेतला. बायको आत गेल्यावर त्यांनी मला एक आकडा सांगितला. "एवढाच लिही. एक रुपया कमी न्हाई, जास्तीचीबी गरज न्हाई."

मी विचारलं नाही की हा आकडा कुठून आला. विचारायची गरजच नव्हती. मला कळलं होतं. मी पंचवीस-तीस वर्षं मुलांना फळ्यावर "नेहमी खरे बोलावे" लिहून दिलं आणि त्या दुपारी मी खाली बसून एक आकडा लिहिला, पाकिटाला डिंक लावला आणि हात धुतले. मनाशी एवढंच म्हणालो की ट्रॅक्टर घरात राहील, वडिलांच्या शेअरवर आलेला आहे, आणि दोन पैसे सोसायटीलाच जास्त मिळतील. माणूस स्वतःला काय काय समजावतो.

दुसऱ्या दिवशी गोदामात सेक्रेटरीनं पाकिटं फोडली. आधी त्याचं. चिठ्ठी सगळ्यांना दिसावी म्हणून सेक्रेटरीनं ती वर धरली. ते अक्षर मी ओळखलं. ळ ची गाठ मीच त्याला अशी घालायला शिकवली होती. मग माझी चिठ्ठी. माझा आकडा त्याच्यापेक्षा पाचशे एक रुपयांनी जास्त होता. कुणीतरी म्हणालं, "आहेराचाच आकडा लिवला म्हणा की मास्तरनी," आणि लोक हसले. तो हसला नाही. उठून माझ्याकडं आला, "घ्या गुरुजी, वस्तू चांगली हाय, जपा," म्हणाला आणि निघून गेला. दसऱ्यानंतर नवराबायको टोळीबरोबर गेली. बैल नव्हते, म्हणून दुसऱ्याच्या गाडीवर. पोरगीही बरोबर गेली.

त्या वर्षी पाऊस पडला नाही. आदल्या वर्षीही जेमतेमच झाला होता. कपिलधारच्या धबधब्याची धार तुटली, आणि तिथून परत आलेली माणसं सांगायची की कुंडात माणूस उतरला तर घोटा बुडत नाही. दिवाळीला माझ्या विहिरीचा तळ दिसला. मोसंबीला पाणी द्यायचं तर साडेतीन किलोमीटरवर एकाच्या बोअरवरून टाकी भरून आणायची, हाच मार्ग होता. बोअरवाल्यानं पाळ्या लावून दिल्या होत्या. माझी पाळी पहाटे साडेपाचची. वेळेवर टाकी लागली नाही की पुढचा नंबर.

थंडी पडली आणि ट्रॅक्टर सकाळी उठेना.

चावी फिरवली की नुसता घर्र घर्र आवाज करायचा, पांढरा धूर ओकायचा आणि बंद पडायचा. बॅटरी बदलली. मग उतारावर उभा करून ठेवायला लागलो. पहाटे मी वर बसायचो आणि बायको मागून लोटायची. पन्नाशी उलटलेली बाई, डोक्याला टॉवेल गुंडाळून लोखंडाला खांदा लावायची. इंजिन हवा आत घेतं त्या नळीच्या तोंडाशी पेटता बोळाही धरून बघितला. कधी लागायचा, कधी नाही. लागला तरी भरलेली टाकी घेऊन चढावर आला की दम सोडायचा. आठवड्याच्या तीन पाळ्यांतल्या दोन चुकायच्या. आम्ही पोहोचायचो तेव्हा दुसऱ्याची टाकी नळाखाली असायची, आणि तो माणूस माझ्याकडं न बघता नळाकडं बघत राहायचा. झाडांची पानं आधी वळली, मग गळाली. फळं सुपारीएवढी होऊन खाली पडली.

बायको एकदाच म्हणाली, "भाऊजींना इचारा की, असं कावून होतंय." मी विचारलं. आण्णा म्हणाले, "जुनी वस्तू हाय. म्हातारं माणूस थंडीत लवकर उठतं का?"

त्या वर्षी सगळीकडंच ऊस वाळला होता, त्यामुळे टोळ्या लवकर परतल्या. शिमग्याच्या आतच तो ड्रायव्हर गावात आला. एके दिवशी मी बांधाजवळ ट्रॅक्टरशी झटापट करत होतो आणि तो रस्त्यानं चालला होता. थांबला. बायकोनं त्याला पाणी दिलं. पाणी पिता पिता तो कान देऊन ऐकत होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "ह्याचा आवाज ह्यो न्हाई."

तांब्या खाली ठेवून तो जवळ आला, बॉनेट वर केलं आणि वाकून बघत राहिला. मग त्यानं डिझेलच्या पंपावर बोट ठेवलं. हा पंपच इंजिनात डिझेल सोडतो. तो झिजला की सगळं संपलं.

"ह्यो पंप आपला न्हाई," तो म्हणाला. "आपल्या पंपाचा एक नट मीच बदललता. लोखंडी मिळंना म्हणून पितळी बसवलता. ह्यो बघा, लोखंडी हाय. पंपबी घासलेला हाय. नोझलबी बदलले आसतेल."

"कधी बदलला असंल?" मी विचारलं.

"मी बोली लावायच्या आधी आठ दिस बघून गेलतो, तवा पितळी नट होता." एवढं बोलून तो थांबला. माझ्याकडं बघितलं, मग बायकोकडं. बॉनेट हळूच खाली केलं, हात मातीला पुसले आणि "येतो गुरुजी," म्हणून गेला. बायको म्हणाली, "भाऊजींचा ट्रॅक्टर ह्याच कंपनीचा हाय न्हवं?"

मी चालतच छावणीवर गेलो. गावाबाहेरच्या माळावर सोसायटीनं जनावरांची छावणी चालवायला घेतली होती. आण्णा पत्र्याखाली बाजेवर बसले होते. समोर त्यांचा ट्रॅक्टर उभा होता, मागच्या ट्रॉलीतून माणसं चाऱ्यासाठी उसाचं वाडं उतरवत होती. त्या गदारोळात माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी ट्रॅक्टरच्या बाजूनं गेलो आणि वाकलो. धुळीनं माखलेल्या पंपावर पिवळा नट होता. अंगठ्यानं पुसला तर चमकला.

मी आण्णांपाशी गेलो. "आण्णा, तुमच्या पंपाचा पितळी नट कुणाचा हाय?"

"नटाला नाव आसतं का बे?" ते हसून म्हणाले. मग माझं तोंड बघून हसू थांबवलं आणि बाजेवर जागा करून दिली. मी बसलो नाही. ते हळू आवाजात बोलायला लागले. "हे बघ. तुझं काम हलकं. दोन घंटे फिरवायचा आन् सावलीला लावायचा. माझा ट्रॅक्टर दिवसरात राबतोय. हितं सहाशे जनावरं हायेत. माझा पंप गेलेला होता. चांगला पंप लिंबाखाली सडवत ठिवू का?"

"मला सांगितलं आसतं तर?"

"तर तू घेतला नसता."

"आण्णा, माझी झाडं वाळली."

"सगळ्याचीच वाळली. पंपानं पाऊस पडतो का?"

मी म्हणालो, मी सोसायटीत तक्रार करीन, लेखी देईन. त्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. लहानपणी मी पाटी फोडून घरी आलो की बघायचे तसे. "दे की," ते म्हणाले. "पर चिठ्ठीवरला आकडा तू कुठून काढलता, त्येबी लिव. सवताच्या मनातून काढलता का?"

वाडं उतरवणारी माणसं हसत-ओरडत होती. मी उभा होतो. चोरीच्या मालात खोट निघाली म्हणून मी चोराकडंच दाद मागायला गेलो होतो, आणि चोर दोघे होते. मी चालतच परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बांधावर पाण्याचा एक टँकर येऊन उभा राहिला. आण्णांनी पाठवलेला. टँकरवाला म्हणाला, "कुठं सोडू?" बायको माझ्याकडं बघत होती. मी परत पाठवू शकलो असतो. मी म्हणालो, "पलीकडच्या ओळीपासून सोड." संध्याकाळपर्यंत ती माती परत कोरडी झाली होती. बायको त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, आणि मला वाटतं, त्यानंतरही काही बाबतींत ती माझ्याशी बोललीच नाही.

वैशाखात झाडांचं लाकूड झालं. फांदी मोडली की कट्‌ असा आवाज यायचा, आत ओलं काही नाही. वाळलेली झाडं उभी ठेवली की वाळवी लागते आणि सरपणही वाया जातं, म्हणून काढायचं ठरवलं. मला एकट्याला ते जमण्यासारखं नव्हतं. मी त्या ड्रायव्हरला बोलावलं. तो आला. दुपारच्या वेळी, उन्हानं तापलेला असताना ट्रॅक्टर चालू व्हायचा. त्यानं साखळी बुंध्याला गुंडाळून मागं अडकवली, पहिल्या गिअरला हळूच ओढ दिली आणि झाड मुळांसकट वर आलं. एवढ्या कष्टानं वाढवलेलं झाड इतक्या सहज येतं, हे मला माहीत नव्हतं. मुळ्या वाळून पकड सुटली होती. मी साखळी सोडायचो, पुढच्या झाडाला लावायचो. त्या ट्रॅक्टरनं माझ्या रानात न थांबता केलेलं पहिलं काम ते होतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही बांधावर भाकरी खात होतो. मी त्याला सांगितलं. पाकिटाचं, आकड्याचं, आण्णांचं. सगळं, काही न वगळता.

तो भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून खात राहिला. "ठाव हाय गुरुजी," तो म्हणाला. "पाचशे एकनं कोन जितत आसतंय? सगळ्या गावाला ठाव हाय."

"मग त्या दिवशी तू कावून बोलला न्हाईस?"

"तुमी समोर बसलता," तो म्हणाला. "दुसरं कुणी आसतं तर बोललो आसतो."

मग तो उठला, हात धुतले आणि ट्रॅक्टरवर चढला. उरलेली झाडं त्यानं दोन दिवसांत काढली. मजुरी घेतली, नोटा मोजून खिशात ठेवल्या आणि गेला.

श्रावणात सोसायटीची वार्षिक सभा झाली. तोवर पाऊस थोडाफार झाला होता, रानं हिरवी दिसत होती, लोकांची तोंडं सैल झाली होती. सेक्रेटरीनं मागच्या वर्षाचं इतिवृत्त वाचलं. "संस्थेच्या मालकीचा जुना ट्रॅक्टर सर्व सभासदांच्या संमतीने रीतसर विकण्यात आला." मी उभा राहिलो. चाळीस मुलांसमोर रोज बोलणारा माणूस मी, पण शंभर मोठ्या माणसांसमोर आवाज फुटेना. मी म्हणालो, विक्री रीतसर झालेली नाही. दुसऱ्या बोलीचा आकडा मला आधी सांगितला होता आणि मी तो लिहिला. पंपाचंही सांगितलं. म्हणालो, विक्री रद्द करा, ट्रॅक्टर मी परत देतो.

मला वाटलं होतं, आण्णा चिडतील, लोक उठतील, काहीतरी होईल. एक म्हातारा सभासद, वडिलांच्या बरोबरचा, तो म्हणाला, "मास्तर, वर्सभर वापरून आता भंगार परत देता व्हय?" लोक हसले. दुसरा कुणीतरी म्हणाला, "भावाभावाचं हाय, घरी मिटवा की." आण्णांनी कागद उलटला. "पुढचा विषय घ्या." सेक्रेटरीनं पुढचा विषय वाचला आणि मग चहा आला. इतिवृत्तात माझं बोलणं लिहिलं गेलं नाही. पुढच्या वर्षी मी मुद्दाम बघितलं.

तो ड्रायव्हर दाराशी उभा होता. चहाच्या आधीच निघून गेला. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको अंगणात भांडी घासत होती, पोरगी पायरीवर बसली होती. मी म्हणालो, "ट्रॅक्टर घेऊन जा. पैसे नकोत. पंप मी नवा बसवून देतो." बोलली त्याची बायको. हातातलं भांडं खाली न ठेवता.

"आमचे बैल परत येतेत का गुरुजी?"

तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. मला खाली कोल्हापूरकडं एका कारखान्यावर डायवरकी लागली. बिऱ्हाड घेऊनच चाललोत." "तिथं शाळा हाय का?" मी पोरीकडं बघत विचारलं. "हाय म्हनतेत," तो म्हणाला. पोरगी मला ओळखत नव्हती. पंधरा दिवसांत त्यांच्या घराला कुलूप लागलं. तो गावात अधूनमधून येतो, असं ऐकतो. माझ्याकडं आलेला नाही.

ट्रॅक्टर मी एका वीटभट्टीवाल्याला जसा आहे तसा दिला, पंपाचं सगळं सांगून. दोन एकरांत आता तूर असते. पाळी घालायला भाड्याचा ट्रॅक्टर सांगतो. तो त्याच्या वेळेनं येतो, आणि आता तोडायला मुळ्याही नाहीत. आण्णांशी माझं बोलणं बंद झालं नाही. सणावाराला आम्ही एका पंगतीला बसतो, ते मला वाढतात, मी खातो. अबोला धरायलाही माणसाचं स्वतःचं काही स्वच्छ असावं लागतं.

गेल्या पाडव्याला सोसायटीचा नवा ट्रॅक्टर आला, सरकारच्या कुठल्याशा योजनेतून. निळा, हार घातलेला. गरीब सभासदांच्या रानात पाळीपाळीनं फिरवायचा, असं आण्णांनी माईकवर सांगितलं. चेअरमन आता त्यांचा मुलगा आहे. गावातला जुना मास्तर म्हणून मला नारळ फोडायला बोलावलं होतं.

बायको म्हणाली, "जाऊ नका."

मी धोतर बदललं आणि गेलो. पुढच्या चाकाशी वाकून नारळ फोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोबऱ्याचा तुकडा घेऊन मी घरी आलो, तर बायकोनं तो हातात घेतला नाही. मी तो गाईपुढं टाकला.